चारशे दाणे

७ ऑक्टोबर १९७७, शुक्रवार. तीर्थपुरी

मालन माझ्या उवा मोजायची. जालन्याला रेल्वे क्वार्टरच्या मागे पाण्याचा हौद होता. कठड्यावर ती बसे, खालच्या पायरीवर मी. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आले की पहिली दुपार याच कामाची. तिला विसापलीकडे मोजता येत नसे, म्हणून वीस झाल्या की एक चिंचोका बाजूला ठेवायची. एकदा चार चिंचोके झाले. आई संतापली तेव्हा मालन शांतपणे म्हणाली, "काकू, माझ्याच डोक्यातल्या गेल्या असत्याल." मी तर आदल्या दिवशीच आले होते. आईनं तिलाच बोल लावले आणि ती खाली मान घालून उभी राहिली. बिचारी फार भोळी.

आता ती तीर्थपुरीतल्या सर्वांत मोठ्या घरातली मालनबाई आहे आणि मोजायचं काम माझ्याकडे आलं आहे. आज इन्स्पेक्टर पुंजारामनं गव्हाच्या बियाण्याचा नमुना आणून दिला. लाखेचं सील, वर फक्त आकडा, एक्केचाळीस. बी कुणाचं आहे ते तपासणाऱ्याला कळू नये अशी पद्धत आहे, आणि ती मला आवडते. पण पुंजारामनं सही करताना दोनदा दौत सांडली. आजारी असावा.

९ ऑक्टोबर, रविवार

बी रविवार ओळखत नाही, म्हणून आजच मांडणी केली. नमुन्यातले चारशे दाणे, शंभराच्या चार थाळ्या, ओल्या कागदावर. शेजारी आमच्या बीजगुणन केंद्राच्या शेतातल्या चांगल्या गव्हाचेही चारशे, तुलनेला. आठव्या दिवशी किती उगवले ते मोजायचं आणि लिहायचं. गेली एकोणीस वर्षं हेच करते आहे. मार्चअखेर निवृत्त होईन.

हे लोकांना सांगितलं की हसतात. "बाई, सरकार तुम्हाला दाणे मोजायचा पगार देतं?" देतं. पेरणीपुरती ओल एकदाच मिळते. मेलेलं बी मातीत गेलं की ते कळेपर्यंत ओल उडालेली असते.

आमचा शिपाई कडूबा थाळ्यांवर पाणी शिंपडताना पुटपुटत होता. विचारलं तर म्हणाला, "दाण्याला म्हणलो, ऊठ रे बाबा. तुलाबी सरकारी नोकरीत घेतलंय."

११ ऑक्टोबर, मंगळवार

दोन माणसं सीताफळांची पाटी घेऊन आली. बोलणारा साहेबराव. दुसरा रामकिसन, दाराएवढा, गप्प.

"मळ्यातली हैत, बाई."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल न्हाई. एक्केचाळीस नंबर आपल्या काकासाहेबाचा हाय, तेवढं ध्यानात असू द्या."

"तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं."

साहेबराव थबकला. मागून रामकिसन म्हणाला, "मी म्हणलो व्हतो बोलू नको म्हणून."

मला हसू आलं, ते लपलं नाही. मग साहेबरावानं माझा चष्मा टेबलावरून उचलला, काचेतून बघितलं आणि हळूच खाली ठेवला. "जाड भिंगं हैत. डोळ्याला जपा, बाई. डोळ्यात काही गेलं की मोजता येत न्हाई. मागल्या साली एका इन्स्पेक्टरचा पाय गेला, तसं तुमचं व्हायला नको. एक्केचाळीसला पंच्याऐंशी टक्के लिव्हा अन् सुखानं पेन्शन खा."

पाटी परत पाठवली. काकासाहेब म्हणजे मालनचा मुलगा, गावात बियाणं विकतो. लहानपणी माझ्या मांडीवर झोपताना तो माझ्या पदराचं टोक चोखायचा.

१२ ऑक्टोबर, बुधवार

मालन भाकरी आणि तिळाची चटणी घेऊन तपासणीच्या खोलीवर आली. मी कालचं काही बोलले नाही. आईला मुलाचं काय सांगायचं?

ती एकेका थाळीवर वाकून बघत गेली. आमच्या गव्हाला पांढरे कोंब आले आहेत. एक्केचाळीसच्या थाळ्या जवळजवळ मुक्या.

"हे मेलंय का गं?"

"मालन, निकाल लागेपर्यंत मला सांगता येत नाही."

"बरं, नको सांगू. गव्हाला कोंब किती दिसात येतो?"

"चांगला असला तर तीन-चार दिवसांत."

"अन् घटात?"

"घटातही तेवढ्यातच."

"म्हंजे पाचव्या माळेला समद्यांला दिसतंय," ती म्हणाली आणि मला चटणी वाढली. मग बाहेर कडूबाशी काहीतरी बोलत बसली. उद्या घटस्थापना, तिच्या डोक्यात तेच असणार. तिचं सगळं देवीभोवतीच फिरतं, आणि ते बघून मला बरं वाटतं.

१३ ऑक्टोबर, गुरुवार. घटस्थापना

चौथ्या दिवसाची पहिली मोजणी. आमचा गहू : तीनशे बावन्न. एक्केचाळीस : सदतीस.

गावात मात्र आनंद आहे. मालननं यंदा घटात पेरायला घरोघर गहू वाटले. दरवर्षी दोन-चार शेजारणींना देते, यंदा स्वतः टोपली घेऊन गल्लोगल्ली गेली. काकासाहेब जालन्याला गेला होता. तिनं गोदामातल्या नव्या थप्पीचं सुतळीनं शिवलेलं पोतं स्वतःच्या हातानं उसवलं म्हणे. शेजारची झुंबरबाई सांगत होती, "म्हणली, माझ्या लेकाचं नंबरी बियाणं हाय, देवीला हलकं कशाला द्यायचं. अन् कुणी घरचे गहू घातले तर मला राग यील म्हणली."

मी ऐकून गप्प राहिले. त्या पोत्यात काय आहे ते मला ठाऊक होतं. अहवाल जाण्याआधी बोलायची मुभा नाही, पण ते कारण पुरेसं वाटेना. बिचारीला कुणीतरी अडवायला हवं होतं.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

कडूबाची कडब्याची गंज जळाली. पहाटे बौद्धवाड्यातले सगळे लोक घागरी घेऊन धावले, पण गंज ती, हाती काय लागणार? त्याच्या बैलांना आता उन्हाळ्यापर्यंत काय घालायचं? त्याची बायको बेबीनंदा राख लोटत होती. मला बघून तिनं लोटणं थांबवलं नाही.

म्हणजे ते माझ्याकडे येणार नाहीत. माझ्यामुळे दुसऱ्याकडे जातील.

१५ ऑक्टोबर, शनिवार

पुंजाराम आला. चेहरा सुजलेला. सायकलवरून पडलो म्हणाला. कानाखाली चार बोटं उमटतील असं कुणी पडत नाही. एक्केचाळीस नंबर कुणाचा ते साहेबरावाला त्यानंच सांगितलं होतं, हे त्यानं रडत कबूल केलं. मग एक वाट सुचवली. खोटा आकडा नको. "नमुन्यास बुरशी लागली, सबब बाद" एवढंच लिहायचं. पुन्हा नमुना, पुन्हा आठ दिवस. तोवर गहू विकून, पेरून संपेल. "कुणालाबी काही होत न्हाई, बाई."

दिवेलागणीला काकासाहेब स्वतः आला. चपला दाराबाहेर काढल्या, पाया पडला.

"मावशी, ते बुरशीचं तेवढं लिव्हा."

"गहू कुठला आहे?"

"कुठल्यातरी गोदामात भिजलेला. ट्रकानं बाहेरून येतो. नव्या पिशव्या, नवी लेबलं समदं तिकडूनच. मी नुसती जागा देतो."

"मग जागा देऊ नकोस."

"आता मला न्हाई म्हणता येत न्हाई. ती माणसं माझंबी ऐकत न्हाईत. कडूबाचा कडबा मी न्हाई जाळला, मावशी. तुमची शपथ."

मला त्याचं खरं वाटलं. ते खरं असणं जास्त वाईट आहे.

१६ ऑक्टोबर, रविवार

खरं लिहिते. सकाळी मी शिसपेन्सिलीनं "बुरशी लागली" असं अहवालावर लिहिलं. अक्षर सुंदर आलं. सिस्टर अगाथा शाळेत म्हणायच्या की मोठं खोटं बोलणारी मुलगी निदान स्वतःला ओळखून असते, लहान खोटं बोलणारीला ती चांगलीच वाटते. मला दिवसभर मी चांगली वाटत होते. कडूबाला वाचवते आहे, पुंजारामला वाचवते आहे, मालनच्या मुलालाही. स्वतःचे डोळे वाचवते आहे हे यादीत सर्वांत शेवटी, बारीक अक्षरात.

हे असते तर काय म्हणाले असते? काही नाही. चहा करून दिला असता.

दुपारी कडूबाकडे गेले आणि सगळं सांगितलं. सही माझी आणि भोगणार तू, असं होणार असेल तर मला हक्क नाही, असंही सांगितलं. तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत होता.

"बाई, माझा कडबा कशापायी जळाला?"

"आपण ते बी मोजलं म्हणून."

"बराबर. आता तुम्ही लिव्हणार की बी मोजलंच न्हाई. मंग माझा कडबा फुकटच जळाला की."

बेबीनंदा आतून म्हणाली, "तुम्ही लिव्हा हो बाई खरं काय ते. कडबा तर ल्हेकरासारखा न्हाई ना. पुन्यांदा व्हतोय."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटती की. पण रोजच काय वाटून घ्यायची."

वाड्यातल्या चार घरांनी बैलांसाठी दोन-दोन भारे आणून टाकले होते. आम्ही त्यावर बसून चहा प्यायलो. मग घरी येऊन मी शिसपेन्सिलीचं खोडून टाकलं. कागदाला वळ राहिला आहे, तो राहू दे.

१७ ऑक्टोबर, सोमवार. पाचवी माळ

एक्केचाळीस : चारशेपैकी एकसष्ट. म्हणजे पंधरा टक्के. विकायला पंच्याऐंशी लागतात. लिहिलं, सही केली, तीन प्रती. आमच्या गव्हाचे तीनशे चौऱ्याऐंशी. लाखेचं सील करून लखोटा रजिस्टर करायला स्वतः निघाले. कडूबा चार पावलं मागून येत होता. "सोबत येऊ नकोस," म्हटलं तर "मी तुमच्या संगं न्हाईच, मी आपला सहज हिंडून राह्यलो," म्हणाला.

पोस्टाच्या कोपऱ्यावर साहेबराव आणि रामकिसन उभे. साहेबरावाच्या हातात सोडावॉटरची बाटली होती. आत सोडा आहे की दुसरं काही, ते मला चष्म्यातूनही दिसेना. मनात इंग्रजी प्रार्थना सुरू झाली आणि अर्ध्यात आठवेना.

तेवढ्यात बाजारगल्लीतून बायका आल्या. तीस असतील, चाळीस असतील. प्रत्येकीच्या हातात माळा सोडवलेला घट, आणि घटात ओली माती, कुठे एखादा मरतुकडा कोंब. पाचवी माळ आणि एकाही घरात घट हिरवा नाही. पुढे झुंबरबाई. "चला मालनबाईकडं. कसलं नंबरी म्हणावं."

रस्ता भरून गेला. मी मधेच अडकले आणि घटांच्या लाटेबरोबर पोस्टाच्या दारापर्यंत पोचले. मागे रामकिसनची बायको नंदाबाई होती, सात महिन्यांची पोटुशी, डोळे रडून लाल. नवऱ्याला कोपऱ्यावर बघून म्हणाली, "इथं उभं राहून काय करताव? घरी देवी उपाशी बसलीय, चला." तो सोडावॉटरकडे न बघता तिच्या मागे चालू लागला. साहेबराव एकटाच उरला. त्याची आईही घट घेऊन त्याच गर्दीत होती. तिनं त्याला काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही, पण बायकांनी रस्ता अडवून हसून घेतलं.

पोस्टमास्तरांनी शिक्का मारला. पावती कडूबानं तीनदा वाचली.

मग मीही मालनकडे गेले. बायका विचारत होत्या, कुणाच्या हातून काय पाप झालं, देवी का कोपली. अहवाल गेला होता, आता बोलायला हरकत नव्हती. नंदाबाईच्या घटातले दाणे उकरून मी ओट्यावर मांडले, नखानं एकेक चिरला. आत काळपट पीठ. "देवीचा काही कोप नाही. बी भिजून मेलेलं आहे. कुणाच्याही हातात दिलं असतं तरी उगवलं नसतं."

नंदाबाई इतक्या मोठ्यानं रडली की मी घाबरले, पण ते सुटल्याचं रडणं होतं.

मालन मधोमध उभी, कपाळाला हात लावून. "बाई गं, चूक झाली माझी. म्या म्हातारीला काय ठावं पोत्यात काय हाय? लेकानं नंबरी म्हणून सांगितलं, म्या नंबरी म्हणून वाटलं." आणि मग काकासाहेबाकडे वळून, सगळ्या गावासमोर, "का रे? देवीला जे दिलं तेच शेतकऱ्यायला देऊन राह्यला का तू?"

काकासाहेब जोत्यावर मटकन बसला.

इतक्या मोठ्या घरची बाई, तिनं गावासमोर चूक कबूल केली. मला तिचं फार वाईट वाटलं. पाणी प्यायला मागच्या खोलीत गेले तर तिथे टोपलीखाली झाकलेला एक लहानसा घट होता, चांगला दोन बोटं हिरवा. घरचे जुने गहू उरले असतील, ते तिनं टाकून न देता पेरले. काटकसरी आहे.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

रात्रभर गाढ झोपले. सकाळी दारात रामकिसन. मी दाराची कडी धरून उभी राहिले.

"बाई, पोराला काही व्हणार न्हाई ना?"

"बी मेलेलं होतं. पोराचा काही संबंध नाही."

"नंदी म्हणती, ज्यानं बाईला भ्या घातलं त्याच्या हातचं पाणी मी पिणार न्हाई. कालपून उपाशी हाय. मी साक्ष देतो. ट्रक कुठून येतेत, लेबलं कोण छापतं, गंज कुणी लावली. समदं सांगतो. पण आधी तुम्ही तिला म्हणा जेव म्हणून."

मी जाऊन म्हटलं. तिनं माझ्यासमोर दोन भाकरी खाल्ल्या आणि मला एक खायला लावली. तिथूनच रामकिसन पुंजारामबरोबर पोलीस ठाण्यात गेला.

एक काम उरलं आहे. दसऱ्याला घटातले तुरे केसांत, टोपीत खोवायचे असतात, आणि गावात कुणाकडेच तुरे नाहीत. तपासणीतले कोंब नष्ट करायचे असा नियम आहे. काल झुंबरबाई म्हणाली, "कोण बघतंय?" मी म्हटलं, सकाळी एवढी मोठी सही करून संध्याकाळी कोंब चोरू? केंद्राच्या शेतातला गहू रीतसर पावती करून विकत घेतला. काल रात्रीच आठ बायकांनी मिळून बी भिजत घातलं होतं. आज पंचवीस थाळ्या पेरल्या. गाणी म्हणत, एकमेकींच्या नवऱ्यांना नावं ठेवत. दसऱ्यापर्यंत दोन बोटं येतील. दोन बोटं पुष्कळ झाली.

१९ ऑक्टोबर, बुधवार

गोदामाला सील लागलं. साहेबराव दोघा ट्रकवाल्यांबरोबर जालन्याच्या रस्त्यानं पळत होता, तिघेही अंबडजवळ पकडले. काकासाहेबानं स्वतः जबाब लिहून दिला. कोर्टात काय होईल ते होईल. मालननं त्याला आज सकाळपासून गोदामाच्या दारात बसवलं आहे. गहू नेलेले शेतकरी पोती परत आणतात, त्यांना केंद्रातून बी मिळेल अशी चिठ्ठी पुंजाराम देतो. अजून कुणाची पेरणी झालेली नव्हती, दोघांची सोडून. त्या दोघांना मालननं आपल्या घरचे गहू दिले. मी ते नखानं चिरून बघितले. चांगले आहेत.

तिला विचारलं, "मालन, तू एवढी थोरली चूक कशी केलीस गं?"

ती म्हणाली, "वय झालं, प्रभा." आणि माझ्या डोक्यात तेल घालायला बसली.

२० ऑक्टोबर, गुरुवार. रात्रीची एस.टी. गाठायची आहे

औरंगाबादहून बोलावणं आलं आहे, उद्या सकाळी वरिष्ठांपुढे माझा जबाब. दसऱ्याला गावात नसेन. थाळ्या सुंदर दिसतात, पिवळसर हिरव्या, उद्यापर्यंत दोन बोटं नक्की होतील. कडूबा उद्या अकरा वाजता विहारात वंदनेला जाणार, त्याच्या आधी वाटप व्हायला हवं. त्याला आणि झुंबरबाईला दिलेल्या सूचना इथे उतरवून ठेवते :

पहिली थाळी नंदाबाईला, आणि तिनं पुरे म्हणेपर्यंत.

झुंबरबाईच्या गल्लीला सहा, बाजारगल्लीला नऊ. भांडण झालं तर झुंबरबाई सांगेल ते.

साहेबरावाच्या आईला एक. ती घराबाहेर पडायची नाही, तिच्या दारापर्यंत नेऊन द्यावी आणि थोडं बसावं.

पुंजारामला एक तुरा, टोपीत त्याच्यासमोरच खोवावा. नाही म्हणेल, ऐकू नये.

काकासाहेबाला एक. हातात द्यावा, बाकी काही बोलू नये.

मालनला सर्वांत उंच थाळी. तिचा टोपलीखालचा घट आहे, तरी द्यावी.

कुणी विचारलं हे कुणी उगवलं, तर कडूबानं आणि बेबीनंदानं पाणी घातलं असं स्पष्ट सांगावं. कुणाला त्यांच्या हातचं चालत नसेल तर त्या घराची थाळी बेबीनंदाच्या बैलांना.